अजिंक्य किल्ला आणि सोडलेले नांगर

आगरदांड्याच्या जेटीवरून सुटलेली फेरी गाड्या आणि माणसं घेऊन राजपुरीची खाडी ओलांडते आणि दिघीला लागते. अलीकडे मुरुड, पलीकडे दिवेआगर आणि श्रीवर्धन. सहलीला निघालेल्यांना हा केवळ रस्ता वाचवणारा टप्पा वाटतो. पण याच खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. इथून शंभरेक किलोमीटरच्या आत, म्हणजे जवळजवळ एका जिल्ह्यात, माणसाच्या एका फार जुन्या प्रश्नाची बहुतेक सगळी उत्तरं प्रत्यक्ष करून पाहिली गेली आहेत. कोणी आपल्यावर हात उगारला तर काय करायचं? उलटा हात उगारायचा, मुकाट मार खायचा, की आणखी काही?

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात हा प्रश्न कोरडा होतो. इथे मात्र त्याला तोफा, भाताची खाचरं, तळ्याचं पाणी आणि कोर्टाचे निकाल चिकटलेले आहेत. म्हणून तो इथेच, या किनाऱ्यावर उलगडून पाहू.

सुरुवात बळापासून करू, कारण बळाचं याहून मोठं स्मारक कोकणात नाही. जंजिऱ्याच्या भिंती थेट समुद्रातून वर येतात. एकोणीस बुरूज. मुख्य दरवाजा असा बसवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. चारी बाजूंना खारं पाणी असून आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. त्यामुळे तहानेनं किल्ला पडत नाही, आणि समुद्र मोकळा असेल तर भुकेनंही पडत नाही. आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांनी, म्हणजे सिद्दींनी, तो सांभाळला आणि तिथून किनाऱ्यावर धाक बसवला. सिद्दीच्या स्वाऱ्यांत गावं लुटली जात, माणसं धरून नेली जात. इथल्या रयतेच्या दृष्टीनं हिंसा म्हणजे खाडीत शिरणारं गलबत.

शिवाजी महाराजांनी या किल्ल्यापुढे पुनःपुन्हा बळ लावलं. १६६९-७०च्या वेढ्यात तर किल्ला जवळजवळ हाती आलाच होता. मात्र तो भिंत फुटल्यामुळे नव्हे. आतला मुख्य सरदार फत्तेखान थकला होता आणि बोलणी करून किल्ला देण्याच्या विचारात होता. ते त्याच्या हाताखालच्या सरदारांना मानवलं नाही. त्यांनी फत्तेखानालाच बाजूला सारलं आणि मोगलांची चाकरी पत्करून लढाई चालू ठेवली. पुढे १६७१च्या शिमग्यात, मराठ्यांची शिबंदी सणात असताना, सिद्दीच्या लोकांनी किनाऱ्यावरचा सामराजगड घेतला. १६७६मध्ये लाय पाटील नावाच्या कोळ्यानं रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण वर चढणारी कुमक वेळेवर पोचली नाही आणि उजाडायच्या आत शिड्या काढून घ्याव्या लागल्या, असं सांगतात. संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास राजपुरीकडून समुद्रात दगडांचा भराव टाकून पायवाट बांधायला घेतली. मोगलांच्या फौजा मुलखात उतरल्या आणि ते काम अर्धवट राहिलं. १७३३मध्ये पेशव्यांची मोहीम झाली. मुलूख मिळाला, सिद्दी नमला, जंजिरा उभाच राहिला.

इतक्या पिढ्या, इतके बेत, आणि एकाही हल्ल्यानं किल्ला पडला नाही. पण या हकिगतीत एक बारीक गोष्ट लपलेली आहे, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी जवळच्या कासा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. जानेवारी १६७५मधलं त्यांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. ते जिवाजी विनायक या सुभेदाराला लिहिलेलं आहे. पद्मदुर्गासाठी जो पैसा आणि धान्य पोचवायचं होतं ते त्यानं पोचवलं नाही, म्हणून महाराज विलक्षण संतापले आहेत. हबशानं तुला काय देऊन आपला चाकर करून घेतलं, असा त्यांचा रोख आहे, आणि ब्राह्मण म्हणून गय होणार नाही अशी ताकीदही आहे. तलवारी होत्या, आरमार होतं, बेटावर बांधकाम चालू होतं. आणि हे सगळं एका सुभेदाराच्या न पोचलेल्या धान्यापाशी अडलं होतं.

बळाचं गुपित इथे उघडं पडतं. तोफ स्वतः चालत नाही. ती ओढणारा, तिला दारू भरणारा, त्याला भात पुरवणारा, तो भात पिकवणारा आणि पोचल्याची नोंद करणारा अशी हातांची लांबच लांब रांग तिच्या मागे उभी असते. रांगेतला कोणताही हात निघाला की तोफ नुसतं लोखंड. फत्तेखानाच्या वेळी किल्ला डळमळला तोही आतल्या माणसाचं मन डळमळल्यामुळे. सोळाव्या शतकात एतिएन द ला बोएसी या फ्रेंच तरुणानं हेच लिहून ठेवलं होतं: जुलमी राजाला खाली ओढायचीसुद्धा गरज नाही, त्याला आधार देणं बंद करा, तो आपल्या वजनानंच कोसळेल. वाचायला हे सोपं वाटतं. करून पाहायचं तर काय काय सोसावं लागतं, हे बघायला आगरदांड्याहून उत्तरेला अलिबाग तालुक्यात जावं लागतं.

चरी हे तिथलं गाव. भोवताली खारभूमी, म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेली भातजमीन. कसणारा कूळ, मालक खोत. पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून खोताकडे जायचा आणि वर वेठबिगार. जमीन आपण पिढ्यान्‌पिढ्या कसतो याचा कागद कुळाकडे नसायचा. खोताच्या मनात आलं की कूळ बदललं. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीत कुळांची सभा भरली आणि निर्णय झाला की जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं संपात उतरली.

क्षणभर थांबून हे नीट पाहिलं पाहिजे. गिरणीतला कामगार संप करतो तेव्हा यंत्र मालकाचं थांबतं. इथे कूळ स्वतःच्याच ताटातला भात थांबवत होतं. आणि हे एका हंगामापुरतं नव्हतं. संप १९३९पर्यंत चालला. सहा पावसाळे आले आणि गेले, खाचरं पडीक राहिली. लोक जंगलातला लाकूडफाटा विकून, खाडीत मासे आणि चिंबोऱ्या पकडून, मिळेल ती मजुरी करून जगले. या काळात खोतांनी काठ्या काढून कुळांना शेतात हाकललं असतं, तरी काठीनं नांगर चालत नाही. माणसाला मारून टाकता येतं, डांबून ठेवता येतं. पण नीट चिखलणी आणि लावणी करून घ्यायला त्याची थोडी तरी राजीखुशी लागतेच. खोताची सगळी सत्ता या थोड्याशा राजीखुशीवर टेकलेली होती आणि नेमकी तीच काढून घेतली गेली.

डिसेंबर १९३४मध्ये कुळांची परिषद भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १९३७मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९मध्ये कूळकायदा आला आणि कसणाऱ्याला कूळ म्हणून कायद्यात जागा मिळाली. ज्या व्यवस्थेला शेकडो वर्षं कोणी धक्का लावू शकलं नव्हतं, ती पडीक खाचरांनी हलवली.

याला अप्रतिकार म्हणता येईल का? टॉलस्टॉयनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अप्रतिकाराचा पुरस्कार केला. दुष्टाला बळानं विरोध करूच नका, त्याच्या फौजेत जाऊ नका, त्याच्या कोर्टात बसू नका, असं त्याचं म्हणणं. दक्षिण आफ्रिकेत ते वाचून गांधीजी हलून गेले. पण पुढे त्यांनी जे उभं केलं त्यात प्रतिकार भरपूर होता, फक्त शस्त्र नव्हतं. भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायचं असेल तर मी हिंसा निवडायला सांगेन, असं त्यांनी १९२०मध्ये स्पष्ट लिहिलं. त्यांच्या लेखी पाठ दाखवणारा माणूस अहिंसक ठरत नव्हता. ज्याला मारता येतं आणि तरी जो मारत नाही, तोच त्या नावाला पात्र.

हा फरक महाडला फार लख्ख दिसला. १९२३मध्ये मुंबई विधिमंडळानं सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनं पुढे चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. कागदावर. तळ्यावर जाऊन पाणी प्यायची कोणाची छाती नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला लोक रांगेनं तळ्यावर गेले, डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं, मग इतरांनी घेतलं.

त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मांडवावर तुटून पडला. परतीच्या वाटेवरची, जेवत बसलेली माणसं, बायकामुलंसुद्धा मारहाणीतून सुटली नाहीत. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला.

आता हा क्षण विचारात घ्या. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले महार शिपाई होते. लष्करात बंदूक चालवलेली, परदेशात लढलेली ही माणसं. मारणाऱ्यांपेक्षा त्यांना लढाई कितीतरी अधिक कळत होती. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. शब्द आला तो हात आवरण्याचा.

का? त्यांना भीती वाटली म्हणावं तर पुढच्या नऊ महिन्यांत तेच पुन्हा महाडला आले आणि २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली. उत्तर त्या दिवसाच्या हिशेबात आहे. हातात कायदा होता, ठराव होता, नगरपालिकेचा निर्णय होता. उलटा वार झाला असता तर दुसऱ्या दिवशी कोणी सनातन्यांच्या हल्ल्याबद्दल बोललं नसतं. ‘दोन जमातींत दंगल’ एवढंच छापून आलं असतं. ज्यांनी मारलं ते आणि ज्यांनी मार खाल्ला ते एकाच पारड्यात पडले असते. वार परतवला नाही म्हणून ती हिंसा एकाच बाजूची राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. जून १९२७मध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा करायचा ठरला तेव्हा विरोधकांनी कोर्टाकडून मनाई आणली. हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं, खटला लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये ब्रूमफील्ड होते. याच ब्रूमफील्डांनी १९२२मध्ये अहमदाबादला सत्र न्यायाधीश असताना गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. शस्त्राविना लढण्याच्या दोन मोठ्या प्रयोगांवर एकाच माणसाच्या सहीची कागदपत्रं असावीत, हा इतिहासाचा अजब योग आहे.

बाबासाहेब गांधीजींसारखे अहिंसेचे व्रती नव्हते. बुद्धाविषयी लिहिताना त्यांनी शक्ती आणि हिंसा वेगळ्या काढल्या. न्यायासाठी बळ लागलं तर ते वापरायला बुद्धाची मनाई नव्हती, पण विध्वंसासाठी वापरलेल्या बळाला होती, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे महाडला हात आवरले ते कोणत्याही परिस्थितीत हात उगारायचाच नाही या नेमामुळे नव्हे. त्या जागी, त्या दिवशी, तेच सर्वांत धारदार हत्यार होतं.

याच जिल्ह्यानं टोकाची दोन माणसं दिली आहेत. पनवेल तालुक्यातल्या शिरढोणला १८४५मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले. रामोशांना हाताशी धरून १८७९मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड केलं आणि १८८३मध्ये एडनच्या तुरुंगात ते गेले. शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५मध्ये विनोबा भावे जन्मले. मे १९६०मध्ये ते चंबळच्या खोऱ्यात पायी फिरले आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. पोलिसांच्या फौजा ज्या माणसांना वर्षानुवर्षं शोधत होत्या, ती एका कृश म्हाताऱ्यासमोर आपणहून चालत आली. दोघांतलं कोण बरोबर, असं विचारायचा मोह होतो. पण त्यांच्या पुढ्यातले प्रश्न सारखे नव्हते. फडक्यांपुढे साम्राज्य होतं, आणि त्याचा कणा असलेले हजारो हिंदी शिपाई नि कारकून तेव्हा साथ सोडायला तयार नव्हते. विनोबांपुढे रानात दमलेली, परतीची वाट शोधणारी माणसं होती.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गोष्टी मोजून पाहायचं काहींनी मनावर घेतलं. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९०० ते २००६ या काळातल्या ३२३ मोठ्या लढ्यांची यादी केली. राजवट उलथवणं किंवा परकी सत्ता घालवणं असं मोठं ध्येय असलेलेच लढे त्यांनी घेतले. चेनोवेथ यांना सुरुवातीला शंका होती की निःशस्त्र लढे बहुधा भाबडे ठरतील. निष्कर्ष उलटा निघाला. निःशस्त्र लढ्यांपैकी ५३ टक्के यशस्वी झाले, सशस्त्रांपैकी २६ टक्के. दुपटीचा फरक.

कारण चरीत दिसतं तेच. बंदूक घेऊन रानात जायला तरणा, धडधाकट, घरदार सोडू शकणारा माणूस लागतो. नांगर न धरायला म्हातारी आजी चालते, शाळकरी पोर चालतं, लेकुरवाळी बाई चालते. म्हणून निःशस्त्र लढ्यांत सरासरी कितीतरी पटींनी अधिक माणसं येतात. आणि इतकी माणसं आली की समोरच्या शिपायाचा भाऊ, मामलेदाराची मावशी, तहसीलच्या कारकुनाचा साडू त्यांतच कुठेतरी असतो. तिथून हुकमाची रांग आतून उसवू लागते.

नॉर्वेची हकिगत अशीच आहे. १९४२मध्ये नाझींनी बसवलेल्या क्विस्लिंगच्या सरकारनं सगळ्या शिक्षकांना सरकारी संघटनेत सक्तीनं भरती करायचं ठरवलं. हजारो शिक्षकांनी एकाच मजकुराची नकाराची पत्रं पाठवली. हजारभर शिक्षक पकडले गेले, त्यांतल्या शेकडोंना उत्तर ध्रुववृत्तापलीकडे किर्केनेसला सक्तमजुरीवर धाडलं. तरीही शाळा नाझी करता आल्या नाहीत. शिक्षकांवर रणगाडे घालता आले असते, पण रणगाडा वर्गात शिकवत नाही.

इथे मात्र थबकायला हवं, कारण याच काळात युरोपभर लक्षावधी ज्यू मारले गेले. त्यांनी नकाराची पत्रं लिहून काय झालं असतं? नाझींना नॉर्वेच्या शिक्षकांकडून काम हवं होतं. ज्यूंकडून हवं होतं ते त्यांचं नसणं. ज्याला तुमचे हात नकोतच, त्याच्यापुढे हात बांधून उभं राहिल्यानं त्याचं काहीही अडत नाही. तीच गोष्ट खाडीत शिरणाऱ्या गलबताची. लूट करून, माणसं धरून दोन घटकांत निघून जाणाऱ्याला रयतेच्या संमतीची गरज नव्हती. तिथे पद्मदुर्गच लागत होता, आणि तो बांधणाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार सुरक्षित घरात बसलेल्यांना नाही.

निःशस्त्र लढा स्वस्त पडतो, असाही गैरसमज नको. २५ सप्टेंबर १९३०ला उरण तालुक्यातल्या चिरनेरजवळ अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. सरकारी राखीव जंगलात शिरून झाडं तोडायची, एवढाच कायदेभंग. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ सत्याग्रही पडले. त्यांत नाग्या कातकरी होता. त्या गोंधळात मामलेदार जोशीही ठार झाले. चिरनेर आपल्याला आठवण करून देतं की अशा लढ्यात रक्त सांडतंच, फक्त कोणाचं सांडायचं ते आधी ठरवलेलं असतं. शिस्तीला इतकं महत्त्व त्यामुळेच. खारभूमीचा बांध चिंबोरीनं पाडलेल्या एका भोकातून फुटतो. सत्याग्रहही एका भिरकावलेल्या दगडानं फुटतो, कारण तो दगड समोरच्याला हवं असलेलं निमित्त देतो. गेल्या दीड दशकात जगभर निःशस्त्र लढ्यांच्या यशाचं प्रमाण घसरलं आहे, हेही चेनोवेथ यांनीच दाखवलं. सत्ताधीशही शिकतात, पाळत ठेवतात, जमावात आपली माणसं घुसवतात, ती दगड मारतात.

मग ‘जशास तसे’चं काय? आपल्याकडे पोरासोरांनाही हा न्याय पटतो. १९८०च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकी अभ्यासकानं तो संगणकावर तपासला. खेळ असा: दोन खेळाडू पुनःपुन्हा समोरासमोर येतात आणि दर वेळी एकमेकांशी नीट वागायचं की दगा द्यायचा ते ठरवतात. जगभरच्या तज्ज्ञांनी आपापले डावपेच लिहून पाठवले, काही फार कावेबाज होते. जिंकला सर्वांत छोटा, अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला: पहिल्या वेळी नीट वाग, मग समोरच्यानं मागच्या वेळी जे केलं ते कर. दुसऱ्या फेरीत साठाहून अधिक डावपेच उतरले. पुन्हा तोच जिंकला.

पण यात एक खोट आहे. खऱ्या जगात चुका होतात. चुकून एकदा धक्का लागला आणि दोन्ही बाजू जशास तसे वागणाऱ्या असल्या, की वार आणि उलटवार कधीच थांबत नाहीत; प्रत्येक जण प्रामाणिकपणे म्हणतो की सुरुवात त्यानं केली. १९९२मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी दाखवलं की अशा गढूळ जगात टिकतो तो थोडा उदार खेळाडू. चांगल्याला तो नेहमी चांगलं परत करतो आणि दग्याला बहुतेकदा उत्तर देतो, पण साधारण तीनांतून एकदा सोडून देतो. किती वेळा सोडायचं हे खेळाच्या नियमांवर ठरतं. कधीच सोडलं नाही तर खेळ सुडात अडकतो, आणि नेहमीच सोडलं तर दगाबाज सगळं लुटून नेतो.

तो निष्कर्ष छापून आला ते वर्ष सरताच सूड आगरदांड्याच्या समोर येऊन ठेपला. ६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली झाल्या, त्यांत ९०० माणसं गेल्याचं श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलं. जानेवारी १९९३मध्ये दिघीला, आगरदांड्याच्या पैलतीरावर, चोरून शस्त्रं उतरवली गेली. फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत ओळीनं स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली. दंगलीत मेलेल्यांचा बदला घ्यायला निघालेल्या बॉम्बनी ज्यांना मारलं त्यांतल्या बहुतेकांनी दंगलीत कोणाला मारलेलं नव्हतं. सूड नेमका माणूस शोधत नाही, हाताला लागेल तो घेतो.

आणि इथेही ती हातांची रांग आहेच. ते सामान आकाशातून पडलं नव्हतं. होड्या कोणी तरी लावल्या, पेट्या कोणी तरी वाहिल्या, नाक्यावर कोणी तरी पैसे घेऊन पाहिलं न पाहिलं केलं. पुढे कस्टम आणि पोलीस खात्यातल्या काहींना या प्रकरणात शिक्षा झाल्या. पद्मदुर्गाचं धान्य अडवणाऱ्या सुभेदारानं बळ लंगडं केलं होतं. दिघीला नजर वळवणाऱ्यांनी हिंसेला वाट करून दिली. साथ काढून घेणं हा जसा प्रतिकार आहे, तसं गप्प बसून साथ देणं हा हिंसेतला सहभाग आहे.

उरला जंजिरा. तो शेवटी कोणी घेतला? देश स्वतंत्र झाला तेव्हा मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या मुलखावर सिद्दी नवाबाचं संस्थान होतं. जानेवारी १९४८मध्ये महाडचे नाना पुरोहित, तरुण मोहन धारिया आणि त्यांचे साथीदार संस्थानात शिरले आणि त्यांनी म्हसळा, श्रीवर्धन या बाजूचा कारभार ताब्यात घेतला. नवाबानं विलीनीकरण मान्य केलं आणि मार्च १९४८मध्ये संस्थान मुंबई प्रांतात मिळालं. याला निर्मळ सत्याग्रह म्हणता येणार नाही. त्या तरुणांच्या दलाचं नाव लोकसेना होतं, आणि मागे स्वतंत्र भारताच्या सरकारचं वजन उभं होतं. पण ज्या तटाला तीन शतकांत कोणी खिंडार पाडू शकलं नाही, त्याला कोणी हातही लावला नाही. किनाऱ्यावरची गावं, कचेऱ्या, नाकी आणि वसूल हातचे गेले. मग बुरूज कितीही शाबूत असले तरी त्यांत राखण्यासारखं काही उरलं नाही.

म्हणून बळ की अप्रतिकार, हा प्रश्न अर्धवट विचारलेला आहे असं या किनाऱ्याकडे पाहून वाटतं. त्याआधी एक प्रश्न येतो: समोरच्याला आपल्याकडून काय हवं आहे? आपली मेहनत, आपला होकार, आपलं मुकाट राहणं हवं असेल, तर ते काढून घेणं हे कोणत्याही तलवारीपेक्षा खोल जातं, आणि चरीसारखी सहा वर्षं उपाशी राहायची तयारी असेल तर बहुधा जिंकतंही. जगाच्या डोळ्यांत धूळ टाकायला आपला उलटा वार हवा असेल, तर महाडसारखा तो न देणं हाच मोठा वार ठरतो. आणि फक्त आपलं नाहीसं होणंच हवं असेल, तर तटबंदी, शिबंदी आणि वेळेवर पोचलेलं धान्य यांना पर्याय नाही. तेव्हा अहिंसेचं नाव घेऊन दुसऱ्याला मरायला सांगणं हा क्रूरपणा होईल.

बहुतेक वेळा मात्र, आणि हेच थक्क करणारं आहे, समोरच्याला आपल्याकडून काही ना काही हवं असतं. राजाला, खोताला, नवाबाला, गल्लीतल्या दादालासुद्धा. आपण त्याच्या हातातली काठी बघत बसतो आणि ती काठी आपल्याच रानातल्या बांबूची आहे हे विसरतो. कोणाशी लढायला निघण्यापूर्वी, किंवा कोणापुढे मान तुकवण्यापूर्वी, आपण त्याला रोज काय काय पुरवतो याची यादी करून पाहावी. चरीच्या कुळांनी ती केली होती, आणि त्यांना तिच्यात एकच ओळ सापडली: नांगर.